पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा

मुलांनो, इंदूरच्या डॉक्टरांनी तुमच्या आजोबांच्या ऑपरेशनचा सोमवार ठरवला आणि तेव्हापासून माझे हात एका जागी राहीनात. डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून समजावलं. आजोबांच्या स्वरयंत्रावर जी गाठ आहे ती नुसती सोलून काढता येणार नाही, स्वरयंत्रच काढावं लागेल. श्वासासाठी गळ्याच्या तळाशी एक भोक राहील. जेवण तोंडानंच.

"और बोलना?" आजोबांनी विचारलं. तेव्हा त्यांचा आवाज आधीच घोगरा झालेला होता, कोणी रेतीवरून पेटी ओढावी तसा.

"काही महिन्यांनी एक लहान झडप बसवून बोलता येतं, पुष्कळ लोक बोलतात," असं डॉक्टरांनी हिंदीत सांगितलं, आणि मग म्हणाले, "मगर आवाज़ ये नहीं रहेगी."

परतीच्या वाटेवर गाडीत आजोबा म्हणाले, "जन्मभर तू म्हणत होतीस, जरा हळू बोला, शेजारी ऐकताहेत. बघ, डॉक्टरांनी मनावर घेतलं."

मला हसू आलं नाही. मी खिडकीबाहेर बघत होते आणि मनात एकच गोष्ट पक्की करत होते: सोमवारच्या आत हा आवाज कुठंतरी ठेवायचा. तुम्हा दोघांसाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठी. तुम्ही दोघं इतकी लांब वाढलात, तुमच्या वाट्याला आजोबा आले ते बहुतेक फोनवरून, म्हणजे आवाजातूनच.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. काम ठरलं की मला ते रीतसर करायचं असतं. घरी आल्यावर मी आजोबांचा पांढरा शर्ट इस्त्री केला, पुस्तकांच्या कपाटासमोर खुर्ची ठेवली, फोन मसाल्याच्या दोन डब्यांच्या आधारानं उभा केला आणि म्हटलं, "बसा. मुलांसाठी चार शब्द बोला."

"काय बोलू?"

"काहीही. तुमचं बालपण, बँकेतले दिवस, उज्जैनला कसे आलात ते."

त्यांनी घसा साफ केला. पुन्हा केला. मग बँकेत वार्षिक तपासणीला साहेब आल्यावर ज्या सुरात बोलत असतील त्या सुरात सुरुवात केली, "प्रिय मुलांनो, माझा जन्म एका सामान्य कुटुंबात झाला." मी फोनमागून हातवारे करत होते, जरा मोकळं बोला म्हणून. त्यांना वाटलं, मी वेळ संपली म्हणतेय. त्यांनी नमस्कार केला आणि उठले.

"अहो, हे काय? शोकसभेत बोलल्यासारखं."

"तूच इस्त्री केलीस. कडक शर्टात माणूस कडकच बोलणार. आणि एक सांगतो, मी मरत नाहीये. मुका होतोय. दोन्हीत फरक आहे."

तरी मी त्यांना पुन्हा बसवलं. दुसऱ्या दिवशी परत बसवलं. तिसऱ्या व्हिडिओच्या मध्येच फोननं काम थांबवलं आणि पडद्यावर पाटी आली: जागा भरली आहे. आजोबा वाक्याच्या मध्यात होते. त्यांनी पाटी वाचली आणि फार आनंदानं शर्टाचं वरचं बटण सोडलं.

माझ्या फोनवर जागा भरली म्हणजे कुठली जागा, किती, कशानं, हे मला तोवर कधी कळून घ्यावंसं वाटलं नव्हतं. फोन घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला होता, चौसष्ट जीबी. मी मान डोलावली होती, जशी आपण औषधावरच्या बारीक अक्षरांना डोलावतो. एम. ए. इंग्लिश असून मला त्या अक्षरांचा अर्थ माहीत नव्हता, आणि माहीत नाही हेही कोणाला माहीत नव्हतं.

पण आवराआवर मला येते. स्वयंपाकघर असो, कपाट असो, फोन असो, आवरायचं कसं ते एकच: सगळं बाहेर काढायचं, मोठं आधी बघायचं. फोनमध्ये फायलींची यादी सापडली. प्रत्येकीचं नाव म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे, कोण कुठली ते कळायला मार्ग नाही. पण प्रत्येकीपुढं तिचा आकार लिहिलेला. कुठं ३४०, कुठं २१२, कुठं १.३, कुठं ४८. मी चष्मा पुसला आणि नियम ठरवला: पाचशेच्या वरचं सगळं काढायचं.

काढलं. जागेची पट्टी होती तशीच लाल. मग नियम बदलला, शंभराच्या वरचं सगळं. एकेका फायलीवर बोट दाबून खूण करायची आणि काढायची, काम किचकट होतं पण माझ्या हातांना तेव्हा काहीतरी हवंच होतं. पट्टी तशीच. मला राग आला. पाचच्या वरचं काढलं. एक ४ चं होतं, ते थोडक्यात वाचलं. १.३ आणि २.१ असल्या किरकोळ फायलींकडे मी बघितलंसुद्धा नाही. शेवटी फोननं विचारलं, कचरापेटीत बरंच साठलं आहे, रिकामी करू का? घरात भरलेली कचरापेटी ठेवून मला झोप लागत नाही. मी 'हो' दाबलं.

पट्टी तरीही लाल.

त्याच संध्याकाळी तुमच्यातल्या मोठीचा फोन आला. तुला आठवत असेल, मी आजोबांची तब्येत दोन वाक्यांत संपवली आणि विचारलं, "अगं, एवढं काढलं तरी जागा कशी होत नाही?"

"काय काय काढलंस?"

"शंभराच्या वरचं सगळं. मग पाचच्या."

"शंभर काय, आजी?"

"म्हणजे काय, काय? शंभर."

तू म्हणालीस, "आजी, आकड्याच्या बाजूला अक्षरं असतील बघ. केबी का एमबी का जीबी?"

मी यादी उघडली. अक्षरं होती, बारीक, फिकट रंगात. १.३ पुढे जीबी होतं. २.१ पुढेही. ते दोन, म्हणजे कुणाच्या तरी लग्नाचा सबंध व्हिडिओ आणि आजोबांचा इस्त्रीतला. मी काढलेल्या सगळ्यांपुढे काय होतं ते आता दिसणार नव्हतं, पण उरलेल्या लहानसहान फायलींपुढे केबी होतं, त्यावरून अंदाज आला.

"अगं आजी," तू हसत होतीस, "तू मुठीत मावणारं सामान बाहेर फेकलंस आणि सोफे ठेवलेस! एका जीबीत दहा लाख केबी असतात. तुला काय जागा मिळणार?"

"बरं," मी म्हटलं.

"महत्त्वाचं काही नव्हतं ना? बॅकअप आहे ना?"

"आहे, आहे."

बॅकअप काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. नंतर कळलं की तोही कधीच बंद पडला होता, जागा भरली म्हणूनच.

फोन ठेवल्यावर मी ते केबीवालं मुठीतलं सामान काय होतं याचा शोध घेतला. फार शोधावं लागलं नाही. मेसेजच्या ॲपमध्ये आजोबांचं आणि माझं बोलणं उघडलं. आजोबांना फोनवर टाइप करणं कधी जमलं नाही. त्यांचं बोट एका वेळी तीन अक्षरांवर पडतं. म्हणून ते बाहेर गेले की माइकचं बटण दाबून बोलायचे आणि पाठवायचे. पलीकडच्या काठावरच्या माणसाला हाक मारावी इतक्या मोठ्यानं. मी त्यांना टाइप करून उत्तर द्यायची, पूर्णविरामासकट. आमचा संसार गेली कित्येक वर्षं असा चालला होता, ते बोलत, मी लिहीत.

सगळे निरोप पडद्यावर ओळीनं होते. मी एकावर बोट ठेवलं. आवाज आला नाही. त्याऐवजी इंग्रजीत दोन ओळी आल्या. ही फाइल आता तुमच्या फोनवर नाही. पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

दुसऱ्यावर बोट ठेवलं. त्याच ओळी. वर, आणखी वर, मागच्या उन्हाळ्यातला, त्याच्या आधीच्या दिवाळीतला. पाठवणाऱ्याला सांगा. पाठवणारे पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते आणि मधूनमधून खोकत होते.

मी त्यांना सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, याचं एकच उत्तर नाही. त्यांच्या डोक्याला तेव्हा पुरेसं होतं, हे एक. शिवाय घरात काही हरवलं, फुटलं, उतू गेलं तर ते त्यांच्याकडून, अशी आमच्यात वाटणी होती, हे दुसरं. मी रात्रभर पडून राहिले आणि सकाळी उठून पहिलं काम हे केलं की केबी म्हणजे काय ते शिकायला बसले. आता त्याचा काय उपयोग होता? काही नाही. पण ज्या मापानं माझं नुकसान केलं ते माप तरी मला कळायला हवं होतं.

तुम्हाला हे शाळेत शिकवलं असेल. मी माझ्या पद्धतीनं शिकले. सगळ्यात खाली बिट, म्हणजे एक दिवा, लागलेला किंवा विझलेला. असे आठ दिवे म्हणजे एक बाइट. इंग्रजी एक अक्षर एका बाइटमध्ये मावतं. आपलं 'क' मावत नाही, त्याला तीन लागतात. 'की' लिहा, सहा. वेलांटीचे तीन वेगळे. मला आधी अपमान वाटला, मग वाटलं, आपलं सामान जरा जास्त आहे, एवढंच. हजार बाइटचा केबी, हजार केबीचा एमबी, हजार एमबीचा जीबी. मेगा म्हणजे ग्रीकमध्ये थोर, गिगा म्हणजे राक्षस. ही ग्रीक माहिती मला कॉलेजपासून होती. राक्षसाच्या पोटात किती थोर मावतात ते मात्र कोणी विचारलं नव्हतं.

लहानपणी आमच्याकडे धान्य मापानं यायचं. चार शेरांची पायली, पुढे मण, वीस मणांची खंडी. शेर आणि खंडी यांत कोणी गोंधळ करत नसे, कारण शेर हातात धरता येई आणि खंडी बैलगाडीतून येई. फोनच्या पडद्यावर शेर आणि खंडी एकाच आकाराच्या अक्षरांत लिहिलेली. डोळ्यांना धरायला काही नाही. मी खंडीभर धान्याच्या कोठीसमोर बसून जागा करण्यासाठी चिमटीचिमटीनं मोहरी फेकत होते.

आणि एक निरोप साधारण किती? तेही काढलं. मिनिटभराचं बोलणं, शंभर-सव्वाशे केबी. बस. एवढंच. आजोबा मिनिटभर ओरडून बोलले तरी तेवढंच, कुजबुजले तरी तेवढंच.

हे कळल्यावर मी जास्तच अस्वस्थ झाले. बाहेरच्या खोलीतून आत, आतून गच्चीवर. वाळत घातलेले कपडे वाळायच्या आधी काढून आणले. आजोबा म्हणाले, "अगं, बस जरा. ऑपरेशन माझं आहे."

दुपारी भाजी आणते म्हणून निघाले आणि देवास गेटला गेले. तिथं बसस्टँडच्या अलीकडे मोबाइलच्या दुकानांची ओळ आहे. दोन दुकानांत विचारलं. पहिल्यानं ऐकूनच घेतलं नाही. दुसऱ्यानं फोन हातात घेतला, उलटासुलटा केला.

"डिलीट हुआ वापस आता है क्या?" मी विचारलं.

"कचरापेटी में देखा, माताजी?"

"खाली कर दी."

"ओहो." त्यानं फोन परत दिला. "तो फिर मुश्किल है. इंदौर में कोई करता होगा, गारंटी कोई नहीं देगा. जितना फोन चलाओगे, पुराना उतना मिटता जाएगा. आगे से पेनड्राइव में रखो."

म्हणजे मी कालपासून त्या निरोपांवर बोट दाबून दाबून आणखीच पुसत होते की काय? मी फोन बंद करून पर्समध्ये खाली ठेवला. आणि रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून पेनड्राइव घेतला, चौसष्ट जीबीचा. पण तिथल्या तिथं तपासल्याशिवाय मी वस्तू घेत नाही. "लगाकर दिखाओ," म्हटलं. त्यानं कॉम्प्युटरला लावला. कॉम्प्युटर म्हणाला, एकोणसाठ पूर्णांक काहीतरी.

"भैया, पैकेट पे चौंसठ लिखा है."

"इतना ही आता है, माताजी."

"इतना ही कैसे आता है? बाकी किसने खाया?"

"कोई नहीं खाता. सबमें इतना ही आता है. कंपनी ऐसे ही गिनती है."

शेजारचं गिऱ्हाईक हसलं. "आंटी, ले लो, खाली ही है, भरोगे तब लड़ना."

मी भांडले नाही, पण घरी येईपर्यंत रिक्षात तेच घोळवत होते, कारण दुसरं जे घोळवायचं ते सहन होत नव्हतं. आणि उत्तर सापडलं ते पुन्हा धान्याच्या मापात. माप दोन तऱ्हेनं भरतात. एक कापलेलं, वरून काठी फिरवून सपाट केलेलं. दुसरं शिगेचं, वर ढीग ठेवून. पेनड्राइव बनवणारा कापलेल्या मापानं मोजतो, हजार म्हणजे हजार. कॉम्प्युटर शीग लावून मोजतो, त्याचा हजार म्हणजे एक हजार चोवीस, आणि ती शीग प्रत्येक पायरीवर पुन्हा लागते. धान्य तेवढंच. मापं कमी भरतात. कोणी काही खाल्लेलं नाही.

सापडलं तेव्हा इतकं बरं वाटलं की हे आजोबांना सांगायचं म्हणून मी चप्पल काढता काढताच बोलायला लागले. पॅकेट त्यांच्यासमोर ठेवलं, कापलेलं माप, शिगेचं माप, सगळं सांगितलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं.

"छान," ते म्हणाले. "आणि भाजी?"

भाजी आणली नव्हती.

"अगं, तू दोन दिवस काय करते आहेस? सकाळी गच्चीवरचे ओले कपडे काढलेस. दुपारी देवास गेटला जाऊन हे डबडं आणलंस. काय झालंय? डॉक्टरांचा फोन आला होता का? माझ्यापासून काही लपवतेयस?"

त्यांचा चेहरा बघितला आणि कळलं, त्यांना वाटत होतं त्यांच्या रिपोर्टमध्ये आणखी काही निघालंय. तेव्हा मात्र मी सांगितलं. पाचशेच्या वरचं, शंभराच्या वरचं, पाचच्या वरचं, कचरापेटी. मी उभ्यानंच सांगितलं, पर्स खांद्याला तशीच. शेवटी फोन चालू करून त्यांना ती इंग्रजी पाटी दाखवली.

त्यांनी चष्मा लावून पाटी वाचली. मग त्यांच्या गळ्यातून जो आवाज आला तो आधी मला खोकला वाटला. ते हसत होते.

"अगं, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा म्हणतंय ना?"

"हो ना. पण..."

"मग सांग की!"

"काय सांग?"

"माझ्याकडे असतील ना सगळे. मी पाठवले म्हणजे माझ्या फोनवर नसतील का? मी काय तुझ्यासारखा झाडू घेऊन बसतो? मी जन्मात काही काढलेलं नाही."

तुम्हाला आजोबांचा फोन माहीत आहे. काच तडकलेली, पडद्यावर इतकी चित्रं की बोट ठेवायला जागा नाही. त्यांचं कपाटही तसंच. उघडलं की अंगावर येतं. त्यावरून मी आयुष्यात जितकं बोलले तितकं दुसऱ्या कशावरून बोलले नसेन. ते आरामखुर्चीत बसले, फोन नाकाजवळ धरला, आणि वर वर सरकवत गेले. "हा घे," म्हणाले.

माझा फोन टिंग वाजला.

मी म्हटलं, "अहो, केबलनं एकदम घेऊ या. मी रीत वाचली आहे. आणि या फोनवर जागा कुठंय?"

"तुला आता माप कळतं ना? हे मोहरीएवढे आहेत. ते सोफे टाक बाहेर." त्यांनी दुसरा पाठवला. "एकेक पाठवतो. तू सांगितलंस, मी पाठवतोय. गडबड करू नकोस."

मी लग्नाचा व्हिडिओ काढून टाकला. कुणाचं लग्न ते नाही सांगत, ते लोक अजून येतात आपल्याकडे. लाल पट्टी एकदम मागे सरकली. मग मी त्यांच्यासमोर वेताच्या मोड्यावर बसले आणि टिंग वाजलं की ऐकत गेले.

ते अलीकडून मागे जात होते. म्हणून पहिले निरोप घोगरे. डॉक्टरकडच्या रांगेतून, "नंबर लागला नाही अजून." त्यानंतरचा जरा कमी घोगरा. मग कुठंतरी, मला नेमकं सांगता येणार नाही कुठं, रेती सरली. पाहिजे तो आवाज वर आला. सकाळी राम घाटावर फिरायला गेलेले असताना, मागे घंटा आणि कोणीतरी गुरुजी संकल्प सांगताहेत, आणि आजोबा त्यांच्याही वर: "अगं, पाणी आज पायरी सोडून वर आलंय! पंडे छत्र्या उचलून पळताहेत!" भाजीबाजारातून: "भेंडी आहे, पण कोवळी नाही. मोडून बघितली. घेऊ का? लवकर सांग, ही बाई माझ्याकडे रागानं बघतेय." आणि मागून तिचा आवाज, "बाबूजी, लेना हो तो लो, तोड़ो मत." भैरवगढहून, तुमच्या आईसाठी छाप्याची चादर घ्यायला गेले होते तेव्हाचा: "दोन रंग आहेत. तू म्हणशील तो तिसरा असणार, तो नाहीये." आणि कितीतरी वेळा, कितीतरी दिवसांचे, एकसारखे: "ऐकलंस का, चहा टाक, कोपऱ्यावर आलोय मी."

मी मधेच उठायला लागले की ते घोगऱ्या आवाजात म्हणायचे, "बस," आणि फोनमधला आवाज दुसऱ्याच कुठल्या तरी दिवसाचं बोलत असायचा. एका खोलीत ते दोघं. मला दोघांकडे एकदम बघवेना. मी फरशीकडे बघत ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सगळं पेनड्राइववर घेतलं. वर्षानुसार खण केले, नावं दिली. मग सगळ्या निरोपांचं मिळून माप बघितलं. बावीस एमबी. जीबी नाही, एमबी. मी अक्षरं दोनदा वाचली. इस्त्रीच्या शर्टातल्या त्या व्हिडिओत आजोबा नुसते घसा साफ करतात, तेवढ्यात बावीस एमबी संपतात.

तो व्हिडिओ मी काढला नाही. तुम्हाला पाठवलाही नाही. निरोप पाठवले आहेत, एकेका वर्षाचे, ते कुठं ठेवायचे हे तुमचं तुम्ही बघा, पण दोन ठिकाणी ठेवा.

सोमवार झाला. ऑपरेशन नीट झालं. ते दिवस लिहिण्यासारखे नाहीत, दवाखान्यातले दिवस सगळ्यांचे सारखेच असतात. आत नेताना आजोबांनी मला काही मोठं वाक्य सांगितलं नाही. "पाण्याची मोटर बंद केलीस का?" असं विचारलं. केली होती.

घरी आल्यावर पुरेशी शांतता होती. गळ्याशी पांढरी जाळी, हातात पाटी आणि पेन. त्यांना लिहिणं आवडत नाही. दोन शब्दांत कंटाळतात आणि पाटी उपडी ठेवतात. मी जास्त बोलायला लागले, खोली भरून काढायची म्हणून, आणि मला माझाच आवाज नकोसा झाला. कामं उरकली तरी मी कामं शोधत होते. मोजलेले डबे पुन्हा मोजत होते.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात पोळ्यांची कणीक मळत होते. फोन टिंग वाजला. कोपरानं दाबलं.

"ऐकलंस का, चहा टाक, कोपऱ्यावर आलोय मी."

मी तशीच, कणकेच्या हातांनी, बाहेर आले. आजोबा आरामखुर्चीत वर्तमानपत्र धरून बसलेले, चेहरा अगदी सरळ. फक्त वर्तमानपत्र हलत होतं. मी आत गेले आणि चहा टाकला.

त्यानंतर त्यांना सूर सापडला. पडवळाची भाजी केली की ताट समोर येताच टिंग: "भेंडी आहे, पण कोवळी नाही. मोडून बघितली." मी फार वेळ फोनवर बोलत बसले की: "नंबर लागला नाही अजून." शेजारचे काका भेटायला आले आणि उपदेश करायला लागले तेव्हा गुडघ्याआड फोन धरून त्यांनी मला घाटावरचा पाठवला, पंडे छत्र्या उचलून पळताहेत. मला तोंडाला पदर लावून आत जावं लागलं. जो माणूस आयुष्यात एक कागद शोधून वेळेवर देऊ शकला नाही, तो त्या बावीस एमबींतून हवं ते वाक्य चटकन काढतो. मी खण केले, नावं दिली, मला सापडत नाही.

झडपेचं अजून व्हायचं आहे. पुढच्या महिन्यात बघू म्हणाले आहेत. तोपर्यंत जेवण मात्र फार हळू. एकेक घास, मधे थांबणं, पाणी. मी समोर माझं ताट झाकून बसते आणि ताटावरच्या झाकणाशी चाळा करते. काल रात्री असंच चाललं होतं. त्यांनी दोनदा हातानं खूण केली, तू घे. मी नाही म्हटलं. तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला, फोन उचलला आणि बराच वेळ सरकवत राहिले. वाफ गेली भाताची.

टिंग. बसस्टँडचा गोंगाट, कंडक्टर गावांची नावं ओरडतोय, आणि त्याच्या वर ते: "बस गेली. दुसरीला उशीर आहे. तू जेवून घे गं, वाट बघू नकोस."

तो निरोप आला होता त्या संध्याकाळी मी काय उत्तर पाठवलं होतं ते वर, मूळच्या निरोपाखाली, अजून होतं. माझी अक्षरं, थोड्याशा बाइटांची. मी तेच पुन्हा टाइप केलं आणि टेबलापलीकडे पाठवलं.

बघते आहे.